ओझे उचलण्याची विद्या



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा विषयाचा विचार मला फार करावा लागला नाही. साहित्य, इतिहास आणि संतविचार यांवर या व्यासपीठावरून अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही. मी आयुष्यभर जड वस्तू उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवण्याचे काम केले. कारखान्यात केले, धरणांवर केले. निवृत्त झाल्यावर ‘आपण काय केलेत?’ असे नातवंडे विचारतात, तेव्हा एवढेच उत्तर देता येते. आणि हे काम ज्यांच्यामुळे माझ्या डोक्यात शिरले, त्याच शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण आज नेहरू नगरात जमलो आहोत. तेव्हा विषय ठरलेलाच होता.

सर आम्हाला पदार्थविज्ञान शिकवीत. प्रयोगशाळेच्या तुळईला ते कप्प्या टांगीत, वर दोन चाकांची, खाली दोन चाकांची. वर्गातला सर्वांत धिप्पाड मुलगा खुर्चीत बसवायचा आणि सर्वांत किरकोळ मुलाच्या हाती दोर द्यायचा. खुर्ची जमिनीवरून हलली की वर्ग टाळ्या वाजवी. टाळ्या ओसरल्या म्हणजे सर त्या किरकोळ मुलाकडे वळून शांतपणे विचारीत, “आता तू दोर सोडलास तर?” त्या किरकोळ मुलाचे तळहात घामेजलेले असत. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तो मुलगा मीच होतो.

उचलणे कसे, हा पहिला प्रश्न. उचललेले धरून कोण ठेवणार, हा दुसरा. या विद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्या प्रश्नापाशी थांबतात. मला आज दुसऱ्याविषयी अधिक बोलायचे आहे.

‘क्रेन’ला मराठीत एक जुना शब्द आहे, ‘यारी’. आता तो फारसा कोणी वापरत नाही. आमच्या फोरमनला मी एकदा हा शब्द सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, हिच्याशी यारी केलीत तर एक दिवस डोक्यात घालील.” तो हिंदीतला अर्थ घेऊन बोलला, पण बोलला ते खरे होते. कामाच्या जागेवरची भाषा मात्र अजून टिकून आहे. खलाशी भार वर घेताना ‘हबेस’ म्हणतात आणि खाली सोडताना ‘आरिया’. हा ‘आरिया’ पोर्तुगीज नाविकांचा, शीड उतरवण्याचा शब्द. जहाजावरून तो गोदीत आला, गोदीतून बांधकामावर आला आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आपल्या भोपाळात येऊन रुळला. तो उच्चारणाऱ्या कित्येकांनी समुद्र पाहिलेलाही नसतो.

आपल्यापैकी बहुतेक जण भोजपूरला जाऊन आले असतील. भोपाळपासून २८ किलोमीटरच्या आसपास, बेतवेच्या काठी, परमार राजा भोजाच्या नावाशी जोडलेले ते अकराव्या शतकातील अपुरे शिवमंदिर. आपण दर्शन घेतो, साडेसात फूट उंचीच्या आणि जवळजवळ अठरा फूट घेराच्या त्या अखंड पाषाणाच्या लिंगापुढे थक्क होतो, आणि परततो. माझी विनंती आहे की पुढल्या खेपेस मंदिराच्या मागील बाजूस जावे. तेथे मातीचा एक प्रचंड उतार मंदिराच्या माथ्याकडे चढत गेलेला दिसतो. कोणी सांगितले नाही तर ती एखादी टेकडीच वाटावी. ती टेकडी नव्हे, ते त्या काळचे उचलण्याचे यंत्र होय. मंदिर पूर्ण झाले असते तर कारागिरांनी तो उतार उकरून काढला असता आणि मग एवढे दगड वर गेले कसे, याविषयी आपण कपोलकल्पित कथा सांगत बसलो असतो. काम अर्ध्यावर थांबले म्हणून पुरावा राहिला. सभोवारच्या खडकांवर मंदिराचे आराखडेही कोरलेले आहेत आणि दगडांवर पाथरवटांच्या तेराशेहून अधिक खुणा नोंदल्या गेल्या आहेत. या दृष्टीने भोजपूर म्हणजे कामगार जेवायला गेल्यावर दिसावी तशी एक कार्यशाळा आहे. जेवायला गेलेले कामगार परत आले नाहीत, एवढेच.

उताराचे गणित सोपे आहे. दहा टनांचा दगड सरळ वर घ्यायचा तर दहा टनांहून अधिक जोर हवा. दहाला एक अशा चढावरून ओढला तर वजनाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका जोर आणि त्यावर घर्षणाला लागेल तेवढा. ओंडक्यांचे रूळ घातले की घर्षणही कमी होते. अंतर दहापट वाढते, परंतु राजाच्या कामाला वेळेची घाई कमी असते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. उतारावर मजुरांचा दम संपला तर दगडामागे पाचर ठोकायची. दगड तेथेच बसतो. सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या उतारातच होते.

या कथेला अलीकडचा एक उत्तरार्ध आहे आणि तो मला मूळ कथेइतकाच आवडतो. २००६-०७ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली मंदिराची दुरुस्ती केली. नाहीसा झालेला एक स्तंभ नव्याने घडवून बसवायचा होता. जुन्याशी जुळेल असा अखंड दगड शोधता शोधता आग्ऱ्याजवळ मिळाला. स्तंभ घडला, त्याचे वजन भरले १२ टन. एकविसाव्या शतकात १२ टन म्हणजे काय मोठे? पण त्या जागी पुरेल एवढ्या लांब बाहूची क्रेन काही मिळेना. शेवटी कप्प्या आणि तरफा यांची साखळी रचून स्तंभ वर नेण्यात आला, आणि या कामाला सहा महिने लागले. मुहम्मद यांनी नोंदले आहे की मंदिरातील इतर दोन स्तंभ प्रत्येकी ३३ टनांचे आहेत. नऊशे-हजार वर्षांनंतर आम्ही अभियंते तेथे हात जोडून उभे राहिलो, ते केवळ देवापुढे नव्हे.

यातून ‘प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मला मान्य नाही. यंत्र किती टन उचलते या प्रश्नाला एकट्याने अर्थ नसतो, एवढेच मला म्हणायचे आहे. किती अंतरावर, किती उंचीवर, कोणत्या जमिनीवर उभे राहून, हे विचारल्याशिवाय तो आकडा पोकळ. बाहू असलेल्या क्रेनने तीन मीटरवर दहा टन उचलले, म्हणजे तीस टन-मीटरचा उलथवणारा जोर झाला. तीच क्रेन बारा मीटरवर अडीच टनसुद्धा धड उचलणार नाही, कारण बाहूचे स्वतःचे वजनही आता तिच्याविरुद्ध काम करते. चालकाच्या खोलीत चिकटवलेला भारतक्ता हेच सांगत असतो. तो तक्ता बहुतेक ठिकाणी धुळीने झाकलेला असतो.

उचलू नये, ढकलावे, हा भोजपूरचा विचार आपल्या काळातही पुन्हा आला. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरील पूल पाहावा. त्याचा सर्वांत उंच खांब ६४ मीटरचा. एवढ्या उंचीवर क्रेनने तुळया चढवण्याऐवजी दरीच्या काठावरच पुलाचा एकेक भाग ओतायचा आणि दट्ट्यांनी मागून रेटत खांबांवरून पुढे सरकवायचा, असा मार्ग तेथे १९९० च्या दशकात अवलंबिला गेला. भोजाच्या पाथरवटांना ही युक्ती समजावून सांगायला फारसा वेळ लागला नसता, असे मला वाटते.

आता आपल्या गावाकडे येतो. १९५६ साली भोपाळला जड विद्युत सामग्रीच्या कारखान्याची योजना आकाराला आली. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे तांत्रिक साहाय्य होते, आणि १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले. १९७४ मध्ये तो ‘भेल’मध्ये विलीन झाला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा येथे महाराष्ट्रातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे स्थिरावली ती या कारखान्याच्या आधाराने. आपल्या माजी विद्यार्थ्यांतही त्या घरांतली मुले पुष्कळ आहेत.

अशा कारखान्याचे मोठे दालन बाहेरच्या माणसाला देवळाच्या सभामंडपासारखे वाटते. दोन्ही बाजूंच्या खांबांवर रूळ, रुळांवर आडवा पूल, पुलावर धावणारी ट्रॉली, तिच्यावर दोर गुंडाळणारे पिंप आणि खाली लोंबणारा आकडा. ही झाली विजेवर चालणारी छताखालची क्रेन. लोक तिची मोटर पाहतात. मी नव्या मुलांना आधी तिचा ब्रेक दाखवीत असे. मोटारगाडीत पाय दाबला की ब्रेक लागतो. येथे उलट आहे. वीज चालू असते तेव्हा ती ब्रेकला उघडा धरून ठेवते, वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आपोआप आवळला जातो. म्हणजे यंत्राची नैसर्गिक अवस्था धरून ठेवण्याची, सोडण्यासाठी मात्र मुद्दाम शक्ती खर्च करावी लागते. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिसने उंच फळीवर उभे राहून स्वतःचा दोर कापायला लावला आणि फळी जागच्या जागी अडकून राहिली. त्याच्याही युक्तीचे सार हेच होते. उंच इमारतींचे युग त्या दिवशी सुरू झाले असे म्हणतात, आणि ते दोर ओढण्याच्या नव्हे, दोर तुटल्यावर काय होईल याच्या उत्तराने सुरू झाले.

या कामातील सर्वांत सुंदर दृश्य कोणते, असे मला विचाराल तर जलविद्युतगृहात जनित्राचा फिरता भाग जागेवर बसवण्याचे. शेकडो टनांचे ते चक्र. दोन क्रेन एका तुळईला जोडून ते उचलतात आणि स्थिर भागाच्या पोकळीत उतरवतात. दोहोंमधली फट मिलिमीटरांत मोजायची. पोकळीच्या कडेने गोलाकार माणसे उभी राहतात, प्रत्येकाच्या हाती लाकडाची पातळ लांब पट्टी. पट्टी फटीत घालून ती सतत वरखाली सरकवीत राहायची. ज्याची पट्टी अडकली तो ओरडतो, आणि सगळे थांबते. एकाच माणसाच्या शब्दावर तो सारा डोलारा थांबतो. त्या वेळी मुख्य अभियंताही पट्टीवाल्याच्या तोंडाकडे पाहत असतो. अशी लोकशाही मी अन्यत्र क्वचितच पाहिली.

सगळीकडे ती नसते, आणि याच ठिकाणी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी या शाळेत आजवर सांगितलेली नाही.

१९८० च्या दशकातली ही हकीकत. एका प्रकल्पाच्या उभारणीवर मी कनिष्ठ अभियंता होतो. प्रकल्पाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. आठ टनांचा एक पोलादी भाग उचलायचा होता. दोन दोर, प्रत्येकाची सुरक्षित क्षमता पाच टन. मी हिशेब केला, आठाचे निम्मे चार, पाचाच्या आत. ठीक. आकड्याला वर जागा कमी पडत होती, म्हणून मी लांब दोर काढून आखूड घालायला सांगितले. आमचा म्हातारा खलाशी दोराकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “साब, रस्सी बहुत फैल रही है.” मी म्हटले, घ्या उचलून. उशीर होत होता.

आता फळ्यावर पाहू. दोर जमिनीशी साठ अंशांचा कोन करीत असतील, तर आठ टनांच्या भाराला प्रत्येक दोरावर सुमारे ४.६ टन ताण येतो. पंचेचाळीस अंशांना ५.७ टन. तीस अंशांना आठ. प्रत्येक दोरावर आठ! म्हणजे जणू दोन दोरांऐवजी प्रत्येक दोर एकट्यानेच सारा भार उचलत होता. आमचा कोन तीसच्या आसपास होता. नवा दोर एवढ्यानेही तुटत नाही, कारण क्षमता ठरवताना पाचपट मोकळीक धरलेली असते. पण आमचा दोर जुना होता, त्याच्या काही तारा तुटल्या होत्या, आणि पोलादाच्या धारदार कडेवर त्याला वाकवताना मध्ये गोणपाटाची घडी घालायचे कोणाला सुचले नव्हते. तीन चुका एकमेकींना भेटल्या. भार डोक्याएवढ्या उंचीवरून खाली आला. दिशा देणारा दोर धरून उभा असलेला बावीस वर्षांचा मुलगा मागे सरकला, पण पुरेसा नाही. त्याचा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशी झाली. अहवालात लिहिले गेले, ‘दोर जीर्ण असल्यामुळे’. कोनाचा उल्लेख नाही. म्हाताऱ्याच्या बोलण्याचा नाही. त्या अहवालावर माझीही सही आहे.

सुटीत भोपाळला आलो तेव्हा सरांकडे गेलो. सगळे सांगितले, अर्थात अहवालात होते तसेच. सरांनी ऐकून घेतले. चहा झाला. मग त्यांनी विचारले, “कोन किती होता?” मी गप्प राहिलो. त्यांनी वहीचा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. अकरावीत त्यांनीच शिकवलेला बलांचा समांतरभुज चौकोन मी त्यांच्यासमोर काढला. ते एक शब्द बोलले नाहीत. तो कागद त्यांनी घडी करून मला परत दिला.

त्या मुलाला पुढे भांडारात काम मिळाले. मी त्याला दोनदाच भेटलो. यापेक्षा अधिक मी सांगू शकत नाही.

यंत्रे नंतर पुष्कळ सुधारली. भार मोजणारे आणि मर्यादा ओलांडताच हालचाल रोखणारे उपकरण क्रेनवर आले. आकडा फार वर गेला तर मोटर बंद करणारे खटके तर आमच्या वेळीही होते. परंतु खटका काम अडवतो, म्हणून त्याला तारेने बांधून टाकणारे हात मी स्वतः पाहिले आहेत. आपल्या शहराला हे सांगायला नको. १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटला तेव्हा कारखान्यातील शीतकरण यंत्रणा महिनोन्‌महिने बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता. साधने होती, ती चालू नव्हती. १ ऑगस्ट २०२३ रोजी ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढवणारे यंत्र कोसळून वीस जणांचे प्राण गेले, ती बातमी वाचून मला रात्री झोप आली नाही. मृतांतील बहुतेकांची गावे त्या महामार्गापासून फार दूर होती.

आपल्या रस्त्यांवर जिला सरसकट ‘हायड्रा’ म्हणतात ती चाकांची पिवळी क्रेन सर्वांच्या परिचयाची आहे. ती आपल्या देशाच्या गरजेतून वाढली. स्वस्त, कोठेही जाणारी, भार तोंडाशी लटकवून चालू लागणारी. याच गुणात तिचा दोष आहे. पुढचा बाहू आणि लोंबणारा भार चालकाची नजर अडवतात, आणि भार वळणावर झुलतो. अनेक मोठ्या प्रकल्पांनी जुन्या घडणीच्या हायड्रांना मज्जाव केला, तो उगाच नव्हे.

गोदामांची कथा वेगळी आहे, आणि तेथे माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. १९६३ मध्ये गोदरेजने मुंबईत फोर्कलिफ्ट बनवायला प्रारंभ केला. दोन पोलादी जिभा, मागे वजनाचा तोल, उभ्या खांबावर सरकणारा गाडा, म्हणजे मुळात चाकांवरची तरफच. तिच्या आगमनापूर्वी, आणि नंतरही पुष्कळ वर्षे, मुंबईच्या बाजारांत हे काम माणसाचा माथा करीत होता. ‘माथाडी’ हा शब्दच तेथून आला. अण्णासाहेब पाटील यांनी या श्रमिकांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी-हमालांसाठी स्वतंत्र कायदा केला. ज्यांना कायमचा मालक नसतो अशांना नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी देणारी मंडळे त्यातून उभी राहिली. देशात त्याला तोड नव्हती. मात्र कायद्याने ओझे हलके झाले नाही. शंभर किलोंची गोणी तेव्हा नित्याची होती. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका माणसाने वाहायच्या वजनाविषयी करार केला, सोबतच्या शिफारशीत ५५ किलोंची मर्यादा सुचवली. आपल्या देशाने त्या कराराला मान्यता दिली २०१० मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी.

करोंदच्या मंडीत मी अधूनमधून जातो. तेथल्या एका हम्मालाशी बोलताना मी यंत्रांचे गुणगान करू लागलो. तो हसून म्हणाला, यंत्र आले तर माझी कंबर वाचेल, पण मग कंबर वाचवून करू काय? मला उत्तर सुचले नाही. अजूनही नीट सुचलेले नाही. एवढे दिसते की फोर्कलिफ्ट चालवण्याची खुर्ची त्याच हम्मालाच्या मुलाला मिळाली, तर यंत्र त्या घरात आले असे म्हणता येईल. नाही तर ते केवळ गोदामात आले. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत गोदामांचे आणि कारखान्यांचे मालक आहेत. शिक्षणसंस्थांतून अशा चालकांचे प्रशिक्षण होऊ शकते. त्यांनी याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती लहान आहे. येथून जवळच भदभदा आहे. १९६५ मध्ये बांधलेल्या त्या धरणाचे अकरा दरवाजे पावसाळ्यात उघडतात तेव्हा अवघे शहर पाणी पाहायला लोटते. शाळेने मुलांना पावसाळ्याआधी, पाणी नसताना तेथे न्यावे, आणि दरवाजा कशाने उचलला जातो व कशाने धरून ठेवला जातो ते दाखवावे.

सरांच्या कप्प्या अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत, असे मुख्याध्यापकांनी मघाशी सांगितले. दोर मात्र बदलून घ्यावा. तुळईवर रंगाने तिची क्षमता लिहावी. आणि सरांनी परत दिलेला तो घडीचा कागद मी सोबत आणला आहे. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्या आहेत, पण कोन वाचता येतो. तो शाळेच्या स्वाधीन करीत आहे.